सरोगेट मातेच्या वयाची अट बदलायला हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरोगसी, म्हणजे दुसऱ्या जोडप्याचं मूल एखाद्या बाईने आपल्या पोटात वाढवून देणं. तिच्या कायद्यातल्या एका अटीबद्दल हे पत्र आहे. माझं वय ३७. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मला दोन मुलं, मुलगा आठवीत आणि मुलगी पाचवीत. दोन्ही बाळंतपणं सरळ झाली. बीपी नाही, शुगर नाही, थायरॉइडची गोळी नाही. माझ्या पाठच्या बहिणीचं बाळ नऊ महिने पोटात वाढवायची माझी तयारी होती आणि आजही आहे. आमच्या ह्यांची हरकत नव्हती. सासूबाईंनी तर "पोरांचं मी बघते, तू तुझ्या रजेचं बघ" असं सांगूनच टाकलं होतं. पण सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ म्हणतो की जोडप्याचा गर्भ पोटात सोडण्याच्या दिवशी सरोगेट मातेचं वय २५ ते ३५ च्या दरम्यानच असलं पाहिजे. मी त्यात बसत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात बहीण आणि तिचे यजमान मुंबईहून शारजामार्गे जॉर्जिया देशात, तिबिलिसीला गेले. तिथल्या एका अनोळखी बाईच्या पोटात त्यांचं मूल वाढावं, त्यासाठीची ही पहिली फेरी.

सरोगसी म्हटलं की बांधा बिघडू नये म्हणून दुसरीकडून मूल करून घेणारी नटी लोकांच्या डोळ्यांसमोर येते. म्हणून बहिणीबद्दल चार शब्द सांगावे लागतात. ती चिंचवडला असते. यजमान चाकणच्या एका कारखान्यात अभियंते आहेत. लग्नानंतर दोघांनी वाट पाहिली, उपचार केले, दिवस राहिले. आठव्या महिन्यात वार आधीच सुटली आणि रक्त थांबेना. डॉक्टरांनी गर्भपिशवी काढून तिचा जीव वाचवला. त्यांचे उपकार आम्ही कधी विसरणार नाही. बाळ मात्र गेलं. अंडाशय दोन्ही शाबूत आहेत, म्हणजे स्त्रीबीजं तिची स्वतःची आहेत, पण बाळ वाढायला जागा नाही. सरोगसी ज्यांच्यासाठी असते त्यांच्यात माझी बहीण पहिल्या ओळीत बसते आणि कायद्यालाही ते मान्य आहे. तिचं वय बसतं, नवऱ्याचं बसतं, दुसरं मूल नाही, वैद्यकीय कारण कागदावर आहे. बसत नाही ते फक्त माझं वय.

ऑपरेशन झालं तेव्हा मला पस्तिसावं चालू होतं. "तुझं बाळ मी वाढवीन" असं मी एकदा बोलून गेले होते, पण त्या वेळी हा विषय पुन्हा काढायची कुणाची छाती होती? ती कितीतरी महिने कुणाच्या बारशाला गेली नाही. आमच्या आईने घरातलं बाळंतविड्याचं सामान कपाटात वर टाकून दिलं आणि त्यावर कोणी काही बोललं नाही. ती स्वतःहून "ताई, तू म्हणाली होतीस ते अजून म्हणतेस का?" असं विचारू शकली, तोपर्यंत माझा छत्तिसावा वाढदिवस होऊन गेला होता. मूल गमावलेल्या बाईला दुःखातून बाहेर यायला जो वेळ लागतो, त्याचा हिशेब या कलमात कुठेच नाही.

आम्ही रीतसर चौकशी केली. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला लागतो. मुलाचं पालकत्व आणि ताबा कोणाकडे राहील याचा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. सरोगेट मातेचा ३६ महिन्यांचा आरोग्य विमा काढावा लागतो. मग पात्रतेचं प्रमाणपत्र. सरोगेट बाईचं लग्न झालेलं असावं किंवा पूर्वी झालेलं असावं, तिला स्वतःचं मूल असावं, आयुष्यात एकदाच तिने हे करावं, गर्भ सोडण्याचे प्रयत्न तीनच. यातल्या एकाही अटीला माझा विरोध नाही. उलट त्या वाचून बरं वाटलं, कारण बाईच्या शरीराला कोणीतरी जपतंय हे त्यात दिसतं. तिसऱ्या बाळंतपणाची रजा मला मिळणार नव्हती, मी बिनपगारी घेणार होते. आपल्याकडे सरकारी नोकराला दोन मुलांची अट आहे, त्याचीही कुणी शंका काढली. पण सरोगसीने जन्मलेलं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. एकूण एक गोष्टीला उत्तर होतं, फक्त पस्तिशीला नव्हतं.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, पस्तिशीनंतर असा काय फरक पडतो? त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. वय वाढलं की बाळात गुणसूत्रांचे दोष येण्याची शक्यता वाढते, ती स्त्रीबीजाच्या वयामुळे. इथे बीज बहिणीचं आहे, त्यामुळे माझ्या वयाचा त्याच्याशी संबंध नाही. बाळ वाढवणाऱ्या बाईच्या वयाचा संबंध येतो तो रक्तदाबाशी, गरोदरपणातल्या मधुमेहाशी. हे धोके पस्तिशीनंतर वाढतात, ते खोटं नाही. पण ते तपासता येतात, आधीही आणि दर महिन्यालाही. छत्तीस-सदतिसाव्या वर्षी पहिलटकरीण म्हणून येणाऱ्या बायका त्यांच्या दवाखान्यात रोज असतात. त्यांना कोणी कायदा दाखवून परत पाठवत नाही.

याच्याही पुढची गोष्ट मला कळली तेव्हा मी दोनदा वाचून खात्री केली. ज्या डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने सरोगसीचा कायदा संमत केला, त्याच महिन्यात टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचा कायदाही संमत केला. त्यात उपचार घेणाऱ्या बाईचं वय पन्नाशीच्या आत असलं म्हणजे पुरे. म्हणजे उद्या मी स्वतःसाठी पंचेचाळिसाव्या वर्षी आयव्हीएफ करून मूल वाढवायचं म्हटलं तर कायद्याची ना नाही. तेच पोट सदतिसाव्या वर्षी बहिणीच्या बाळासाठी धोकादायक ठरतं. सरोगसीच्या कायद्यातही मूल हवं असलेल्या पत्नीचं वय २३ ते ५० धरलं आहे आणि पतीचं २६ ते ५५. आता व्यवहार बघा. जोडप्याला सरोगसीचा सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा सगळे उपचार करून थकल्यावर, पस्तिशी-चाळिशीत. त्यांच्या बहिणी, जावा, नणंदा, मैत्रिणी त्याच वयाच्या असणार. हल्ली शहरात मुलींची लग्नं अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी होतात, पहिलं मूल तिशी ओलांडल्यावर होतं. म्हणजे स्वतःचं मूल झालेली, ते थोडं मोठं केलेली, आणि पस्तिशीच्या आतली बाई घरात शोधायची. किती घरांत सापडेल?

आमच्याकडे एक होती, बहिणीची धाकटी जाऊ. तिला पहिल्या बाळंतपणात फार त्रास झाला होता आणि तिच्या माहेरच्यांना हे नको होतं. तिने नाही म्हटलं. आम्ही पुन्हा विचारलं नाही आणि बहिणीने तिच्याशी बोलणं-चालणं पूर्वीसारखंच ठेवलं. नाही म्हणायचा तिचा हक्क आम्हाला माझ्या तयारीइतकाच मोठा वाटतो.

मग बाहेरची बाई. विधेयकात आधी 'जवळची नातेवाईक' अशी अट होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने २०२० मध्ये ती काढायला सुचवलं आणि कायद्यात 'तयार असलेली स्त्री' आली. चांगलं झालं. पण अशी स्त्री शोधायची कशी? जाहिरात द्यायला बंदी. मध्यस्थ ठेवायला बंदी. तिला वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांत बसणारा इतर खर्च यापलीकडे एक रुपया दिला तर तो गुन्हा, आणि असं मूल मिळवू पाहणाऱ्या जोडप्याला पाच वर्षांपर्यंत कैद. कोणती अनोळखी बाई नऊ महिने काम सोडून, स्वतःच्या मुलांना सोडून, सिझेरियनची जोखीम घेऊन दुसऱ्याचं मूल फुकट वाढवेल? आणि वाढवतो म्हणाली, तरी ती खरंच फुकट वाढवते आहे यावर मी विश्वास ठेवणार नाही. पैसे टेबलाखालून दिले जातील आणि त्यातले बाईच्या हातात किती पडतील, ते कोणी विचारू शकणार नाही.

हा कायदा का आला ते मला माहीत आहे. गुजरातमधलं आणंद एके काळी जगभर याच गोष्टीसाठी प्रसिद्ध होतं. परदेशी जोडपी यायची, गरीब घरच्या बायका महिनोन् महिने वसतिगृहासारख्या ठिकाणी राहायच्या, मूल झालं की पैसे घेऊन घरी जायच्या. २००८ मध्ये तिथे जन्मलेली एका जपानी जोडप्याची मुलगी, जन्माच्या आधीच आईवडिलांचा घटस्फोट झाल्यामुळे, काही महिने भारतातच अडकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी आजी तिला घेऊन जपानला गेली. २०१५ च्या नोव्हेंबरात परदेशी लोकांसाठी सरोगसी बंद झाली. ते योग्यच होतं, बाजार मांडला गेला होता. पण २०१७ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्याच आरोग्यविषयक स्थायी समितीने सांगितलं होतं की बिनपैशाच्या सरोगसीची अपेक्षा ठेवू नका, बाईला योग्य भरपाई ठरवून द्या आणि त्यावर नियंत्रण ठेवा. नात्यातल्या बाईवर घरचे दबाव आणतील आणि तिला काही मिळणारही नाही, ही भीती त्या समितीने बोलून दाखवली होती. ते कोणी ऐकलं नाही. आता उलटी वरात निघाली आहे. पूर्वी लोक इकडे यायचे, आता आपली माणसं पासपोर्ट घेऊन तिकडे जातात.

तिकडे म्हणजे कुठे, हेही लोकांना नीट माहीत नसतं. आमच्या नात्यातल्या एकाने अमेरिकेतलं जॉर्जिया समजून "मग व्हिसा कसा मिळाला?" असं विचारलं. हा जॉर्जिया काळ्या समुद्राकाठचा, तुर्कस्तान आणि रशियाच्या मधला छोटा देश. आपल्याकडची पुष्कळ मुलं तिथे एमबीबीएसला असतात. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचा पुतण्या तिबिलिसीला तिसऱ्या वर्षात आहे. त्यानेच दोघांना स्वयंपाकघर असलेली खोली बघून दिली, तोच त्यांच्याबरोबर औषधाच्या दुकानात जातो. तिथे १९९७ पासून सरोगसीला कायद्याने परवानगी आहे. जन्माच्या दाखल्यावर थेट मूल हवं असलेल्या जोडप्याचं नाव लागतं, मूल वाढवणाऱ्या बाईचा त्यावर कोणताही हक्क राहत नाही. म्हणून लोक जातात.

इथे गर्भ तयार करून तो तिकडे पाठवायचा तर आपल्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. त्या वाटेने जाण्यापेक्षा बहिणीने स्वतः जायचं ठरवलं. आता तिथल्या खोलीत रोज संध्याकाळी पोटावर सुई घेणं चालू आहे. पेनसारखं इंजेक्शन असतं, मागचा भाग फिरवून युनिट लावायचे. ते काम तिचे यजमान करतात, चष्मा लावून, दोनदा आकडा बघून. व्हिडिओ कॉलवर मी पाहिलं. तिच्या पोटावर जुन्या ऑपरेशनची रेघ आहे, तिच्या बाजूला सुयांचे निळे डाग. एक दिवसाआड सोनोग्राफी. बीजं पुरेशी वाढली की शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं, कारण त्यानंतर साधारण ३६ तासांनी भूल देऊन बीजं काढतात. संमतीचा कागद जॉर्जियन भाषेत असतो, खाली इंग्रजी. सही करताना ती मला म्हणाली, "ताई, पुण्याच्या दवाखान्यात सही करताना निदान सिस्टरला मराठीत विचारता तरी यायचं."

कागदांचं तर विचारूच नका. लग्नाच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मधे. आपल्याकडच्या प्रत्येक बाईचं हे असंच असतं. आधी प्रतिज्ञापत्र केलं, मग दाखल्याचं इंग्रजी भाषांतर, मग अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारचा शिक्का, मग तिकडे जॉर्जियन भाषांतर. मूल झाल्यावर पुढचं आहेच. आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं, मग पासपोर्ट, मग घरी. असं परदेशी जाण्याबद्दल आपला सरोगसी कायदा स्पष्ट काही बोलत नाही, असं वकिलांचं मत पडलं. म्हणजे पन्नास-साठ लाखांच्या घरातला खर्च करून ज्या गोष्टीला निघायचं, त्याबद्दल आपलं सरकार हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. त्या खर्चासाठी फ्लॅटवर वाढीव कर्ज काढलं, सासऱ्यांनी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला, आईने पाटल्या मोडल्या. एजन्सीला पैसे हप्त्याने द्यायचे असतात. एक हप्ता करार करताना, एक बाळाचे ठोके दिसल्यावर, पुढे असेच.

आणि ती दुसरी बाई. निघायच्या आधी बहीण माझ्याकडे राहायला आली होती. रात्री तिने मोबाईलवर एजन्सीने पाठवलेली फाईल दाखवली. एकेका पानावर एकेक बाई. वय, उंची, वजन, रक्तगट, किती बाळंतपणं, सिझर की नॉर्मल. बऱ्याच जणी जॉर्जियातल्या नाहीत, मध्य आशियातल्या देशांमधून येतात, कारण जॉर्जियातल्या बायका पुरत नाहीत. एका फोटोत निळा स्वेटर घातलेली, उझबेकिस्तानची एक बाई होती. तिच्या खांद्यावर लहान मुलाचा हात होता. मूल फोटोतून कापलेलं होतं, हात तेवढा राहून गेला होता. बहीण त्या पानावर बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "ही इतके महिने तिबिलिसीला राहणार. हिच्या मुलाला तोवर कोण बघणार?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्या मुलांना कोण बघणार, याचं उत्तर आमच्या घरात तयार होतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत बातमी आली होती की थायलंडच्या काही बायका जॉर्जियातून सुटून परत आल्या. सरोगसीचं काम म्हणून त्यांना नेलं होतं आणि तिथे कोंडून ठेवून त्यांची बीजं काढली जात होती, असं त्यांनी सांगितलं. ती बातमी वाचली त्या दिवशी बहिणीच्या घरी जेवण झालं नाही. तिने निवडलेल्या दवाखान्याची शक्य ती सगळी चौकशी केली आहे, आधी जाऊन आलेल्या जोडप्यांशी ती बोलली आहे. पण हजारो किलोमीटरवरून दुसऱ्या बाईचं सुखदुःख तपासायचं तर किती तपासता येणार? तिच्याशी थेट बोलायलाही समन्वयक मधे लागतो. कराडच्या दवाखान्यात मी झोपले असते तर बहीण उशाशी बसली असती.

शिवाय त्या देशाचा भरवसा काय? २०२३ च्या जूनमध्ये जॉर्जियाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून परदेशी लोकांसाठी सरोगसी बंद. ठरल्या तारखेला ते झालं नाही, पण ज्यांची बाळं तेव्हा पोटात होती त्यांचे ते महिने कसे गेले असतील? थायलंडने २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांना बंदी केली. नेपाळमध्ये त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोगसी थांबवली. त्याआधी एप्रिलच्या भूकंपात इस्रायलने आपल्या जोडप्यांची सरोगसीने झालेली बाळं काठमांडूहून विमानाने नेली होती, आणि त्यांना जन्म देणाऱ्या बायकांमध्ये भारतातून तिकडे नेलेल्या बायका होत्या. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा कीवच्या तळघरात ओळीने ठेवलेली बाळं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, आईबाप दुसऱ्याच देशात. एक देश बंद झाला की एजन्सी दुसऱ्या देशाचं दर पत्रक काढते. आमच्यासारख्यांना त्यात जावं लागतं, हे मला मान्य नाही.

काही लोक म्हणतील, दत्तक का घेत नाहीत? बहिणीने दत्तकासाठीही नोंदणी केली आहे. तिथली रांग वर्षानुवर्षांची आहे. आपल्या हाडामांसाचं मूल हवंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ज्यांना सहज मुलं झाली त्यांनी तरी हा सल्ला देताना दोनदा विचार करावा.

कायद्यात बदल होतच नाही असंही नाही. मार्च २०२३ मध्ये नियम बदलून दात्याचं बीज वापरायला बंदी केली होती. जन्मतः गर्भाशय नसलेल्या एका स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यातून दिलासा दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियमच सुधारला. वैद्यकीय कारण असेल आणि जिल्हा मंडळाने तसं प्रमाणित केलं असेल तर दात्याचं बीज चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायदा येण्याआधीच ज्यांनी गर्भ गोठवून ठेवले होते, त्या जोडप्यांना वयाची नवी अट लावू नका. हे सगळे निर्णय मूल हवं असलेल्यांबद्दलचे आहेत. सरोगेट बाईच्या वयाची अट मात्र तशीच राहिली आहे. आणि ते वय नियमात नसून थेट कायद्याच्या कलमात आहे, त्यामुळे ते बदलायचं तर संसदेलाच बदलावं लागेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की पस्तीस ही रेघ सरसकट ओढू नये. चाळिशीपर्यंत, निदान आधीची बाळंतपणं सुखरूप झालेल्या बाईच्या बाबतीत, निर्णय जिल्हा वैद्यकीय मंडळावर सोपवावा. त्या मंडळात जिल्ह्याचे वैद्यकीय अधिकारी असतात, स्त्रीरोगतज्ज्ञ असतात, बालरोगतज्ज्ञ असतात. त्यांनी माझी तपासणी करावी आणि मी अपात्र ठरले तर मी निमूट घरी येईन. वय वाढवलं तर घरातल्या थोरल्या सुनांवर, विधवा नणंदांवर जबरदस्ती होईल, ही शंका मलाही येते. त्यावर उपाय आहे. मंडळाने बाईला एकटीला आत बोलवावं, नवऱ्याला आणि सासरच्यांना बाहेर बसवावं, आणि तिचं 'नाही' बाहेर कुणाला न सांगता 'वैद्यकीय कारणाने अपात्र' एवढंच लिहून द्यावं. आमच्या शाळेत मुलींना एकट्याने बोलतं केलं की त्या काय काय सांगतात ते मी रोज पाहते. बाईसुद्धा सांगेल.

बाहेरच्या तयार बाईसाठी भरपाई सरकारने ठरवावी, ती थेट तिच्या बँक खात्यात जावी आणि अशा बायकांची नोंद जिल्हा पातळीवर गुप्त ठेवून व्हावी. आणि हे होईपर्यंत जी जोडपी परदेशी जातच आहेत, त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने कोणत्या देशात कायदा काय आहे आणि बाळ घरी आणायला कोणते कागद लागतात, एवढं तरी साध्या हिंदी-मराठीत जाहीर करावं. आज ही माहिती एजन्सीकडून मिळते आणि एजन्सीला फक्त करार व्हायला हवा असतो.

बहिणीचे गर्भ तयार झाले तरी ते तिथे काही महिने गोठवून ठेवता येतात. या काळात कायदा बदलला, तर ते परवानगी काढून इथे आणण्याचा खर्च आम्ही करू. माझ्या सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट मी नीट फाईल करून ठेवले आहेत. या पत्राची प्रत मी आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला पाठवते आहे. ज्यांच्या घरात अशीच एखादी तयार असलेली थोरली बहीण, जाऊ किंवा नणंद वयाच्या अटीमुळे मागे राहिली आहे, त्यांनीही आपापल्या खासदारांना लिहावं. नाव छापायची भीती वाटत असेल तर नाव न छापता लिहावं, मीही तेच केलं आहे.

आपली,
एक शिक्षिका, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. बहिणीच्या सासरी अजून सर्वांना सांगितलेलं नाही, म्हणून तो छापू नये ही विनंती.)